कुलपातलं डिझेल

कमळने कालवांच्या टोपावरचं झाकण काढलं तशी मालन आधी शेगडीकडे धावली. तिला वाटलं, गॅसची नळी सुटली. बटण तर घट्ट बंद होतं. तिने खिडकी उघडली, पंखा मोठा केला, तरी वास जाईना. मग ती टोपावर वाकली आणि तशीच मागे सरली.

"कमळ, ह्यात काय टाकलंस गो?"

"काय टाकणार? वाटण, कोकम, मीठ."

"मंग हा वास कसला?"

बाहेरच्या खोलीत पंगत बसली होती. गटारीचा रविवार. चार दिवसांनी श्रावण लागला की नारळी पुनवेपर्यंत केण्यांच्या चुलीवर म्हावरं चढत नसे, म्हणून त्याआधीच्या रविवारी दोन्ही भावांचं कुटुंब थोरल्याच्या घरी जेवायचं. थोरला जयवंत, तळवली मच्छीमार सोसायटीचा एकोणीस वर्षं चेअरमन. त्याची बायको मालन. त्यांची लेक दिपाली चेंबूरहून सकाळीच आली होती. धाकटा धर्मा, त्याची बायको कमळ, मुलगा निमेश आणि सून भाविका समोरच्याच घरातून आली होती. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे तळवलीच्या धक्क्यावर ही दोन घरं समोरासमोर उभी होती, आणि दोन्ही घरांच्या मध्ये, धक्क्याला लागून, सोसायटीचा डिझेल पंप.

काही वास नाही म्हणत कमळने टोप पंगतीत आणला. निमेशने पहिला घास घेतला आणि तसाच हातात काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"आई, डिझेल लागतंय."

"काय बोलतोस?"

"शप्पथ. बोटीची टाकी चोखल्यासारखं वाटतंय."

दिपालीने एक कालव उचलून नुसतं नाकाजवळ नेलं आणि परत ठेवलं. "काकी, कुठून काढलीस ही?"

"कुठून म्हंजे? आपल्या धक्क्याच्या दगडावरनं. पहाटे ओहोटीला गेलेले. तीस वरसं तिथूनच काढतेय."

जयवंत हसला. मोठा माणूस, मोठा आवाज. तो हसला की पंगतीने हसायचं असा या घरचा रिवाज होता. "अगो, कुणा खलाशाने बोटीतलं घाण पाणी उपसून टाकलं असंल खाडीत. मालन, चिंबोऱ्या आण. कालवांवाचून कुणाची गटारी अडत नाय."

चिंबोऱ्या आल्या. पण यावेळी कुणी हसलं नाही. कारण बोटी एक जूनपासून वर ओढून ठेवल्या होत्या, ताडपत्रीखाली. दोन महिने मासेमारी बंद. खाडीत पाणी उपसायला एकही बोट नव्हती, आणि हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

भाविका सून म्हणून या घरात आली त्याला दीड वर्ष झालं होतं. थोरल्यांसमोर ती सहसा बोलत नसे. ती ताटाकडे बघत म्हणाली, "आमच्या मोरीतसुद्धा येतो हा वास. भरती मोठी असली की येतो. मला वाटलं, मलाच वाटतंय."

"मला का नाय सांगितलंस?" निमेश म्हणाला.

"सांगितलं. तू बोललास फिनाइल टाक."

दिपालीने चिंबोरीचा नांगा मोडायचं थांबवलं. ती साकीनाक्याच्या एका कंपनीत होती. इमारतींच्या जनरेटरसाठी, हॉस्पिटलांसाठी जमिनीत पुरलेल्या डिझेलच्या टाक्या तपासायचं तिचं काम. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. काकाकडे पाहिलं.

"काका, डिप काय येतोय?"

धर्मा सव्वीस वर्षं सोसायटीचा पंप सांभाळत होता. रोज सकाळी सात वाजता पंपाशेजारी जमिनीत पुरलेल्या टाकीचं झाकण उघडायचं, पितळी टोकाची पट्टी सरळ तळापर्यंत सोडायची, वर काढायची, डिझेल कुठवर भिजलं ते वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं. त्यालाच डिप म्हणत. तळाच्या टोकाला एक पिवळसर पेस्ट लावायची. टाकीत पाणी शिरलेलं असेल तर ती लाल होते.

त्याने जयवंतकडे पाहिलं. जयवंत भाकरी मोडत होता.

"बरोबर येतोय," धर्मा म्हणाला.

"पेस्ट?"

"पिवळीच."

कमळ वाढता वाढता थांबली. तिने नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि त्याच्या ताटात, त्याने नको म्हटलं तरी, भात वाढला.

*

जेवण झाल्यावर धर्मा पंपाच्या केबिनमध्ये जाऊन बसला. पाऊस थांबून थांबून पडत होता. पंपाच्या यंत्राला साखळी आणि कुलूप होतं, चावी त्याच्याच कमरेला.

कमळ छत्री न घेताच आली. दार लोटून आत येऊन उभी राहिली.

"बोल."

"काय बोल?"

"तेहतीस वरसं तुझ्याबरोबर काढली रं. तू खोटं बोललास की भात जेवत नाय. आज एक शीत खाल्लं नायस."

धर्मा उठला. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. जानेवारीपासूनच्या प्रत्येक पानामागे पेन्सिलने आकडे होते. बारीक, एकाखाली एक.

"रजिस्टरात आहेत ते आकडे वेगळे. हे खरे."

कमळला लिहिता-वाचता येत होतं, पण आकड्यांतून तिला काही कळेना. "मला सरळ सांग."

"एकतीस मेला पंपाला कुलूप लावलं, तेव्हा एकशे दहा सेंटीमीटर डिझेल होतं. त्यानंतर एक थेंब कुणाला दिला नाय. आज सकाळी एक्याण्णव आलं."

"म्हंजे?"

"म्हंजे कुलपातनं डिझेल गेलं. अडीच हजार लिटरच्या आसपास. बारा पिंपं धर. आणि पेस्ट लाल होतेय. सहा सेंटीमीटर पाणी हाय तळाला. डिझेल बाहेर जातंय, पाणी आत येतंय."

कमळ स्टुलावर बसली. बारा पिंपं तिला बरोबर दिसली. धक्क्यावर रांगेने उभी केली तर तिच्या दारापासून पाण्यापर्यंत पोचली असती.

"भावोजींना ठाऊक हाय?"

"मार्चमध्ये सांगितलं. तेव्हा रोजचे वीस-पंचवीस लिटर जुळत नव्हते. दादा बोलला, उन्हाने उडतं. लिहून टाक बरोबर. जूनमध्ये परत सांगितलं. बोलला, दसऱ्यानंतर बघू."

"आणि तू लिहीत गेलास."

"लिहीत गेलो."

तिने कॅलेंडर गुंडाळलं. धर्माला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "गेल्या महिन्यात दहिसरच्या त्या बाईने माझी कालवं परत आणून दिली. बोलली, मावशी, शिळी दिलीस. मी तिच्याशी भांडले रं. बाजारात, सगळ्यांसमोर भांडले." तिने ओला पदर पिळला. "खरी होती ती."

बाहेर भाविका मोरीत बादलीने पाणी ओतत असल्याचा आवाज येत होता. धर्माने तो ऐकला. त्या मोरीच्या भिंतीपासून टाकी नऊ पावलांवर होती. त्यानेच कधीतरी मोजली होती, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी.

"मंगळवारी टँकर येतोय," तो म्हणाला. "सीझनच्या आधी टाकी भरायची. बारा हजार लिटर."

"ह्या टाकीत?"

"ह्याच टाकीत."

कमळ उठली. कॅलेंडर तिने त्याच्या हातात दिलं. "मंग चल."

*

जयवंत झोपाळ्यावर आडवा झाला होता. निमेश त्याच्या पायाशी बसून बोटीच्या इंजिनाबद्दल बोलत होता. बोट जयवंतची होती, पण ती दर्यात नेणारा तांडेल निमेश होता, आणि दोघांचं एकमेकांशी जेवढं जमे तेवढं निमेशचं बापाशी कधी जमलं नव्हतं. धर्मा आत आला तसा तो बोलायचा थांबला.

धर्माने कॅलेंडर झोपाळ्यावर ठेवलं. "दादा, दिपालीला मी खोटं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून सगळ्यांसमोरच खरं सांगायला आलोय."

आणि त्याने सांगितलं. कमळला सांगितलं होतं तसंच, सरळ. दिपाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे मालन, ओल्या हातांनी. कमळबरोबर भाविकाही आली होती.

जयवंत उठून बसला. "झालं सांगून?"

"झालं."

"रजिस्टरावर सही कुणाची हाय?"

निमेशने मान वर केली.

"माझी," धर्मा म्हणाला.

"रोजची?"

"रोजची. म्हणूनच मला सांगायचं हाय. उद्या कुणी विचारलं तर मी असंच सांगणार. तू लिहायला लावलंस ते तू सांग नायतर नको सांगू. मी लिहिलं ते मी सांगणार."

जयवंतला धाकटा भाऊ असा बोललेला आठवत नव्हता. त्याने आवाज चढवला. "आणि पहिली तारीख? अकरा दिवसांवर दर्या खुला होतोय. अठ्ठावीस बोटी हायत. त्यांना डिझेल कुठून घालू? पंप बंद केला तर गाव मला विचारंल की तुला?"

"मोठे बाबा बरोबर बोलतायत," निमेश म्हणाला. "पहिल्या दहा दिवसांतच तर कोलंबी लागते. तेव्हाच बोट जागेवर ठेवली तर खलाशी दुसऱ्या बंदराला जातील, मग वर्षभर मिळणार नाहीत. गावाकडून नुकतेच आलेत यार सगळे. बाबा, तू आत्ताच का उकरतोयस? दोन महिने काढू ना कसेतरी."

"कसेतरी?" दिपाली पुढे आली. "निमेश, टाकी एकपदरी लोखंडाची आहे. छत्तीस वर्षं खाऱ्या मातीत. दर पाच वर्षांनी तिची दाबचाचणी व्हायला हवी. पप्पा, शेवटची कधी झाली?"

जयवंतने धर्माकडे पाहिलं.

"अकरा वर्षं झाली," धर्माने सांगितलं.

"आज भोक सुईएवढं असेल. वर बारा हजार लिटरचं वजन टाकलं की तेच फाटेल. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे मलाही कळतं. पण ते मातीतून वाट काढतं. गटारात जातं, मोरीत येतं, आणि तिथे कुणी कापडाचा बोळा पेटवून टाकला तर काय होतं ते मी बघितलंय. एका जनरेटरच्या खोलीत."

"मंग रिकामी करून ठेवा," निमेश म्हणाला. "झाला प्रश्न."

"भर पावसात? तू तांडेल आहेस ना? रिकामं पिंप पाण्यात दाबून बघ. जमिनीत पाणी चढलं की रिकामी टाकी होडीसारखी वर येते. काँक्रीट फोडून वर येते. आधी आतलं डिझेल काढायचं, भोवती बोअर मारून जमिनीतलं पाणी उपसत राहायचं, आणि तेही खाडीत सोडायचं नाही. मग उकरायची. शिकल्यासवरल्या माणसांकडून."

पिंपाचं निमेशला पटलं. ते त्याच्या हाताला कळत होतं.

"माझ्या बापसाने पुरली ही टाकी," जयवंत म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "त्याच्या आधी बंदरावरचा व्यापारी सांगंल त्या भावाने डिझेल घ्यायला लागायचं. उधारीवर. त्याच्या दारात उभं राहून. बापूस सात वरसं फिरला मंत्रालयात, तेव्हा सोसायटीला पंप मिळाला. आख्ख्या गावाने दोर लावून ती खड्ड्यात सोडली. तीच मी उकरायची? आणि लोकांना सांगायचं की केण्यांच्या टाकीने खाडी नासवली?"

ते खोटं नव्हतं. धर्मालाही तो दिवस आठवत होता, त्याच्या तळहाताला दोर घासला होता.

बोलली ती मालन. तिने पदराला हात पुसले. "तुमच्या बापसाने टाकी पुरली, देव नाय बसवला. लोखंड हाय, गंजणारच. मी नवी नवरी होते तेव्हा ह्या घरात. मामंजी रोज बोटीच्या तळाला हात लावून बघायचे, कुठे कीड लागली का. लागली तर फळी काढून टाकायचे. आजाने बसवलेली असली तरी काढायचे. तेव्हा नाय कुणी बोललं की आजाची इज्जत गेली."

"तू पण?"

"मी पण. त्या पोरीच्या मोरीत वास येतोय. ती पोटुशी हाय. चौथा महिना." मालनने भाविकाकडे पाहिलं. "तिने अजून सांगितलं नाय कुणाला. मला दिसतं."

निमेश ताडकन उभा राहिला. भाविकाने मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. कमळच्या तोंडून "अगो बाय माझे!" एवढंच निघालं आणि ती सुनेला बिलगली. दोन मिनिटं टाकी कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

मग निमेशने खिशातून मोबाइल काढला. "दिपा, तुझी माणसं कधी येतील तपासायला?"

"बुधवारी. पण टँकर थांबवायचा अधिकार चेअरमनचा आहे."

सगळ्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळा हलत होता. जयवंत मागच्या दाराने निघून गेला होता.

*

धर्माला तो धक्क्याखाली सापडला. संध्याकाळची ओहोटी लागली होती, दगड उघडे पडले होते. जयवंतने चप्पल वर काढून ठेवली होती आणि गुडघाभर चिखलात उभा राहून तो कोयत्याच्या टोकाने दगडावरचं कालव फोडत होता. त्याने ते बोटाने उचललं आणि कच्चंच तोंडात टाकलं, लहानपणी दोघे टाकायचे तसं.

चावलं. थुंकला. पाण्यावर तेलाचा सप्तरंगी पापुद्रा होता, तो त्याच्या पोटऱ्यांभोवती फिरत होता.

"धर्मा."

"काय दादा?"

"हात दे. पाय रुतलाय."

धर्माने त्याला वर ओढलं. सहासष्ट वर्षांचा जड माणूस. दोघेही धक्क्यावर बसून धापा टाकत राहिले. जयवंतने ओल्या हातानेच फोन लावला आणि मंगळवारचा टँकर रद्द केला. समोरच्याने कारण विचारलं असावं. "टाकी फुटलीय," जयवंत म्हणाला. "होय, आमचीच."

फोन ठेवून तो म्हणाला, "आता अठ्ठावीस बोटींचं काय करू ते सांग."

"पलीकडे दांडवलीला पंप हाय."

"सुबोधकडे जाऊ? मी?"

खाडीच्या पलीकडच्या दांडवली सोसायटीचा चेअरमन सुबोध तांडेल. दर्यात खुंटांना बांधायच्या डोल जाळ्यांच्या जागेवरून बारा वर्षांपूर्वी दोन्ही गावांत काठ्या चालल्या होत्या, आणि तेव्हापासून जयवंत त्याच्या घरच्या लग्नकार्याला गेला नव्हता की मयताला.

"मी येतो बरोबर," धर्मा म्हणाला.

सोमवारी सकाळी निमेशने लहान होडी काढली. पाण्याला ओढ होती, पण वीस मिनिटांत पोचले. सुबोध धक्क्यावर जाळ्याला टाके घालत बसला होता. तिघांना बघून त्याने सुई जाळ्यातच खोचली आणि उठला नाही.

"वाट चुकलास काय, चेअरमन?"

"नाय. तुझ्याकडेच आलोय." जयवंत उभाच राहिला. "आमची टाकी गळतेय. दोन-अडीच महिने पंप बंद ठेवायला लागंल. तळवलीच्या बोटींना तुझ्या पंपावर डिझेल हवंय. जो भाव तुझ्या गावाला, तोच आम्हाला. मान वर करून मागतोय, पण मागतोय."

सुबोध त्याच्याकडे बघत राहिला. मग धर्माकडे वळला. "कधी कळलं?"

धर्माने तोंड उघडलं, पण जयवंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला जानेवारीत कळलं. मार्चात ह्याने मला सांगितलं. मी ह्याला गप्प बसवला. गावात पण हेच सांगणार हाय मी, पण तुला आधी सांगतोय. तुझ्याकडून ऐकायची माझी तयारी हाय."

ऐकवण्यासारखं सुबोधकडे बारा वर्षांचं साठलेलं होतं. त्याने ओठ हलवले, आणि मग उठून जाळं बाजूला केलं.

"बारा वरसांत कुणी बोललं नाय माझ्याशी असं," तो पुटपुटला, स्वतःशीच. मग मोठ्याने म्हणाला, "आमची टाकी कुठल्या सालची ठाऊक हाय? तुमच्या दोन वरसं आधीची. एकाच कारखान्यातली, कुर्ल्याच्या. माझ्या बापसाने तुझ्या बापसाला पत्ता दिला होता." त्याने पंपाकडे मान वळवली. "आमचा डिप बरोबर येतो. येतो असं आमचा माणूस सांगतो. मी स्वतः कधी बघितला नाय."

जयवंतनेही पंपाकडे पाहिलं.

"तुझी पोरगी हेच काम करते ना? तुमची टाकी तपासायला येईल तेव्हा इथे पण पाठव. तुमच्या बोटी लाव रांगेला. आमच्या झाल्या की तुमच्या. आणि आता बसा, उभ्या-उभ्या चहा देत नाय मी कुणाला."

*

चाचणीत टाकीने दाब अर्धा तासही धरला नाही. दांडवलीच्या टाकीने धरला, पण तिच्या नळाचा एक सांधा ओलसर सापडला, तो त्याच आठवड्यात बदलला. तळवलीच्या टाकीतलं डिझेल पिंपांत काढलं आणि ती वर येऊ नये म्हणून भोवती बोअर मारून पाणी उपसत ठेवलं.

पहिल्या ऑगस्टला तळवलीच्या अठ्ठावीसपैकी सव्वीस बोटी दर्यात गेल्या. दोन राहिल्या, त्यांचे खलाशी खरोखरच दुसऱ्या बंदराला पळाले होते, आणि त्यातली एक जयवंतची होती. निमेश चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दिपालीच्या ओळखीने चार पोरं साकीनाक्याच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आली, दर्या कधी न बघितलेली. ती ओकत असतानाच त्यांना घेऊन तो दर्यात गेला.

टाकी उकरली ऑगस्टच्या शेवटी, उघडीप मिळाली तेव्हा. आधी आतली वाफ काढली, मीटरने तपासली, धक्क्यावरच्या सगळ्यांचे मोबाइल आणि विड्या दिपालीने एका टोपलीत गोळा केल्या. क्रेनने टाकी वर उचलली तेव्हा गाव गोळा झालं होतं. तळाच्या जोडावर, एका बाजूला, तीन भोकं होती. सगळ्यात मोठं तांदळाच्या दाण्याएवढं.

"एवढंच?" कुणीतरी म्हणालं.

"एवढ्यानेच," दिपाली म्हणाली.

खड्ड्यातली माती काळी होती, हातभर खोलीपर्यंत. ती पण न्यायची होती, वेगळ्या ट्रकने. गर्दीतून आवाज आले. कुणाला कधी कळलं, कुणी लपवलं, कुणाच्या सह्या आहेत. एका पोराने धर्माचं नाव घेतलं, आणि धर्मा पुढे जायला निघाला.

जयवंत त्याच्याआधी खड्ड्याच्या काठावर गेला. त्याला माइक लागत नसे.

"आकडे ह्याने लिहिले. लिहायला मी सांगितले. ज्याला ओरडायचंय त्याने माझ्यावर ओरडा. चेअरमनकी मी आजच्या मीटिंगात सोडतोय."

लोक ओरडले. चांगलं अर्धा तास ओरडले. कालवं विकणाऱ्या बायका सगळ्यात जास्त, आणि त्यांत कमळही होती. दिराला ती जे बोलली ते तळवलीत पुढे बरीच वर्षं सांगितलं गेलं. जयवंत मान खाली घालून ऐकत उभा राहिला. धर्मा त्याच्या शेजारी.

मीटिंगात चेअरमनपद गेलं. धर्माला मात्र कमिटीने पंपावर ठेवलं, एका अटीवर: डिप रोज दोघांनी घ्यायचा, दोघांनी वाचायचा. दुसरा माणूस कोण, हे विचारताच भाविका उभी राहिली. तिची बारावी सायन्सला झाली होती आणि मोरीचा वास आधी तिलाच आला होता, यावर कुणाला हरकत घेता आली नाही.

नवी टाकी गणपती गेल्यावर आली. दुपदरी, दोन पदरांच्या मध्ये पाणी वा डिझेल शिरलं तर केबिनमध्ये घंटा वाजेल अशी. काँक्रीटच्या खड्ड्यात ती पट्ट्यांनी जखडायची होती, भोवती धुतलेली वाळू, आणि चार कोपऱ्यांना चार बारीक बोअर, मातीत काही उतरलं तर आधी तिथे दिसावं म्हणून. क्रेनवाल्याने टाकी हवेत तोलून धरली. ती वाऱ्याने थोडी फिरायला लागली, तसा त्याने वरूनच दोर खाली टाकला आणि ओरडला, "ए, पकडा कुणीतरी! सरळ धरा!"

दोराचं एक टोक निमेशने धरलं. दुसरं धरायला जयवंत पुढे झाला, पण एका दमात त्याला ते पेलेना. मागे वळून त्याने हाक मारली.

"धर्मा! ये रं, हात लाव."